कोणामुळे आणि कशामुळे

माणूस असंबद्ध बोलू लागला, रात्री-अपरात्री घर सोडून हिंडू लागला की भगताला बोलावण्याची रीत पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर जुनी आहे. भगत तांदळाचे दाणे पाहतो आणि कोणता देव कोपला, कोणाचे भूत लागले किंवा कोणी करणी केली ते सांगतो. त्याच जिल्ह्यात समुद्राच्या बाजूला, बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांचा कच्चा माल तयार होतो. भगत विचारतो, आजार कोणामुळे झाला? औषधामागचे संशोधन विचारते, कशामुळे झाला?

हा वाद वैद्यकात जुनाच आहे. चरकसंहितेत वात, पित्त, कफ यांच्या उन्मादांबरोबर आगंतू म्हणजे बाहेरून आलेला उन्मादही सांगितला आहे. मात्र निदानस्थानात चरक बजावतो की देव, गंधर्व, पिशाच कोणालाही आपण होऊन पिडत नाहीत. माणूस स्वतःच्या प्रज्ञापराधाचे, म्हणजे बुद्धीच्या चुकीचे, फळ भोगतो. म्हणजे भुतावरचा आळ गेला, पण तो रोग्याच्याच माथी आला.

1906 मध्ये अलॉइस अल्झायमर यांनी स्मृती गमावून मरण पावलेल्या एका स्त्रीच्या मेंदूत साचलेला मळ आणि तंतूंची गुंतवळ दाखवली. तिथे कोपलेला देव नव्हता आणि पापही नव्हते. सगळ्या मनोविकारांची अशी खूण सापडलेली नाही. स्किझोफ्रेनियाचे निदान अजून लक्षणांवरूनच होते. तरी कारण पुरते न कळणे म्हणजे दोषी सापडणे नव्हे.

हा भेद न पाळल्यास काय होते, ते आदिवासी पट्ट्याला ठाऊक आहे. दोषी शोधता शोधता बोट एखाद्या बाईकडे वळते आणि ती ‘भुताळी’ ठरते. महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्यासाठी बांधून मारहाण करणे हा गुन्हा ठरवला. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली.

पण कारण कळले तरी घरच्यांचा प्रश्न उरतो: मुलालाही न ओळखणारा बाप तोच माणूस आहे का? सांख्यमतात बुद्धी ही प्रकृतीचा भाग, पुरुष म्हणजे शुद्ध चैतन्य हा तिचा साक्षी. म्हणून बुद्धी ढळली तरी पुरुष ढळत नाही. चार्वाकाला साक्षी मान्य नाही. चैतन्य देहाचेच, तेव्हा मेंदूबरोबर तेही झिजणार. मेंदूचा छेद घेऊन हा वाद मिटत नाही, आणि रोग्याला घास भरवण्यासाठी तो मिटण्याची वाट पाहावी लागत नाही. भगताचा ‘कोण’ इथे उपयोगी पडतो, मात्र प्रश्न बदलून: आजार कोणी केला असे न विचारता, सांभाळणार कोण?