श्रद्धा आपली, देह लेकराचा

सोलापूर जिल्ह्यातील मुस्ती गावच्या बाबा उमर दर्ग्याची प्रथा आपल्या कानावर आली असेल. तान्हे मूल दर्ग्याच्या छतावरून, सुमारे ५० फुटांवरून, खाली सोडायचे आणि खालच्या माणसांनी ते ताणून धरलेल्या चादरीत झेलायचे. मूल त्यामुळे सुदृढ होते, अशी समजूत. ही प्रथा पाळणारे हिंदूही आहेत आणि मुसलमानही. २००८ च्या सुमारास ती दृश्ये दूरचित्रवाणीवर आली, तेव्हा पुष्कळांनी त्या आईबापांना निर्दय ठरविले.

वाचकहो, ते निर्दय नसतात. ते लेकराचे भलेच चिंतीत असतात, आणि प्रश्न अवघड होतो तो इथेच. इस्लामी धर्मशास्त्र रूढीचे वैरी नाही. ‘उर्फ’ म्हणजे लोकरीत त्याने प्रमाण मानली आहे. अट एवढीच की ती शरीअतच्या आज्ञेला छेद देणारी नसावी. ‘वाडवडिलांपासून चालत आले’ हे कारण मात्र सूरह अल-बकराने (२:१७०) नाकारले आहे. सूरह अत-तकवीरमध्ये जिवंत पुरलेल्या मुलीचा उल्लेख येतो. कयामतच्या दिवशी प्रश्न तिलाच विचारला जाईल की तिला कोणत्या अपराधासाठी मारले गेले. बापाची बाजू तिथे ऐकली जात नाही.

मुस्तीविषयी बोलणे मला सोपे आहे, कारण ते वारूळवाडीपासून दूर आहे. जवळचे सांगतो. गतवर्षी टोमॅटोच्या हंगामात एक गृहस्थ आठ वर्षांच्या मुलाला मकतबमध्ये घेऊन आले. सोबत निंबाची छडी होती. म्हणाले, “मौलाना, गोश्त आपका, हड्डी हमारी.” हे वाक्य आपल्या घराघरांत नम्रतेचे मानले जाते. माझ्या वडिलांनीही ते माझ्या उस्तादांपुढे उच्चारले होते, आणि उस्तादांनी ते शब्दशः घेतले होते. सबक चुकला की तळहात सुजत. मला तेव्हा वाटे, ही इल्मची किंमत असावी.

पण जे आपले नाही ते बाप देतो कसे? लेकरू ही अमानत आहे. वलीचा अधिकार मुलाच्या हितापुरता असतो. त्याचे मांस दुसऱ्याला बहाल करण्याचा अधिकार त्यात कुठेच बसत नाही.

यावर दहाव्या वर्षी नमाजसाठी मारण्याची हदीस पुढे केली जाते. ती अबू दाऊदच्या संग्रहात आहे, मी ती टाळत नाही. परंतु ती नमाजविषयी आहे, तीही सातव्या वर्षापासून तीन वर्षे शिकवून झाल्यानंतर. फुकहांनी तिला मर्यादा घातल्या आहेत: वळ उठू नये, तोंडावर मारू नये. सात-आठ वर्षांच्या पोराच्या उच्चारातील चुकीशी तिचा काय संबंध? हजरत अनस (रजि.) यांनी प्रेषितांची (स.) दहा वर्षे सेवा केली आणि त्यांच्या तोंडून कधी ‘उफ्’ही ऐकले नाही. इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’त लिहून ठेवले आहे की कठोर शिक्षेखाली वाढणारे मूल खोटे बोलणे आणि ढोंग करणे शिकते. मी तसाच शिकलो. आजारी असल्याचे सोंग मला उत्तम वठे.

कायद्याचीही नोंद असावी. शिक्षणहक्क कायदा, २००९ शाळेत शारीरिक शिक्षेस मनाई करतो. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे व वेदपाठशाळा त्यातून वगळल्या गेल्या. ही सवलत मिळाली म्हणून आपण समाधान मानले. मुलांना त्यातून काय मिळाले, हे कोणी विचारले नाही.

ती छडी मी परत केली. तरीही रमजानपूर्वी एकदा, थकव्याच्या भरात, त्याच मुलाला मी थप्पड मारली. दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागितली. तो “चालेल” म्हणाला आणि पुढचा सबक म्हणू लागला. नाबालिगाने सोडलेला हक्क फिकहमध्ये सुटलेला धरत नाहीत. तो बालिग होईपर्यंत मला थांबावे लागेल आणि पुन्हा विचारावे लागेल.