डोळस सेवा

तीर्थक्षेत्री येणारा भाविक ‘दर्शनाला’ येतो. दर्शन हा शब्दच मुळी पाहण्याचा. मग ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, तो दर्शनरांगेत कशासाठी उभा राहतो, असा प्रश्न एखाद्याच्या मनात येऊन जातो. घंटेचा नाद, धुपाचा सुगंध, पायांखालची गार फरशी आणि ओठांवरचे नाम यांतून त्याचे दर्शन घडत असते. त्यात उणे काही नसते. उणीव असते ती पुढची पायरी चढायची की उतरायची, हे सांगणाऱ्या एका शब्दाची.

तो शब्द देण्याऐवजी पुष्कळदा त्याचा दंड धरला जातो. कोणी त्याची काठीच धरून पुढे ओढतो, कोणी न विचारता रस्ता ओलांडून देतो. हेतू चांगला असतो, पुण्य पदरी पडल्याचे समाधानही लाभते. मात्र त्या व्यक्तीला कोठे जायचे होते, हे विचारायचे राहून जाते. येथेच प्रश्न उभा राहतो : ज्याची सेवा करायची, त्याच्या इच्छेला बाजूस सारून केलेले कर्म सेवा ठरते काय?

महाभारतात धृतराष्ट्राच्या अंधत्वापुढे दोन व्यक्ती दोन वेगळ्या रीतींनी उभ्या राहिल्या. गांधारीने आपल्या डोळ्यांवर पट्टी बांधली. पतीला जे सुख नाही ते आपणही भोगू नये, ही तिची निष्ठा थोर होती. पण त्यामुळे राजाला जग दिसू लागले नाही. संजयाने व्यासांकडून लाभलेली दिव्यदृष्टी राजासाठी वापरली. श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभच या दृष्टिहीन राजाच्या प्रश्नाने होतो आणि संजय त्याला उत्तर देतो. प्रसंगी त्याने राजाला खडे बोल सुनावले. पण पुत्रांच्या मृत्यूची वार्ता लपवली नाही. दुसऱ्याच्या दुःखाने व्याकूळ होणे ही करुणा होय. आपले डोळे दुसऱ्याच्या प्रश्नाच्या स्वाधीन करणे ही सेवा होय.

महाराष्ट्राच्या संतपरंपरेत याचे जवळचे उदाहरण आहे. विदर्भातील प्रज्ञाचक्षू श्रीगुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी विपुल ग्रंथरचना केली. ग्रंथ वाचून दाखवणारे आणि सांगितलेले लिहून घेणारे हात इतरांचे होते. विचार मात्र महाराजांचाच होता.

हाच धर्म आज परीक्षेतील लेखनिकाला पाळावा लागतो. दृष्टिहीन विद्यार्थी सांगतो, लेखनिक लिहितो. मध्येच एखादे उत्तर चुकत असल्याचे लेखनिकाच्या ध्यानात येते. एक शब्द बदलला तर बिचाऱ्याचे वर्ष वाचेल, असे मन म्हणते. परंतु तो शब्द बदलताक्षणी उत्तरपत्रिका विद्यार्थ्याची राहत नाही आणि त्याने स्वबळावर मिळवलेल्या गुणांवरही संशयाची छाया पडते. चुकीचे उत्तर जसेच्या तसे लिहिताना लेखनिकाला जो संयम लागतो, त्यात फलाची आसक्ती सोडून कर्म करण्याची खरी परीक्षा असते. ही परीक्षा विद्यार्थ्याइतकीच लेखनिकाचीही असते.

गरज कोणती आणि तिचा उपाय कोणता, हे ज्याची गरज असते तोच अधिक जाणतो. सहा टिंबांची लिपी घडवणारे लुई ब्रेल (१८०९–१८५२) स्वतः दृष्टिहीन होते. त्याच लिपीत आज मराठीही वाचली जाते. मोबाइलही आता मजकूर वाचून दाखवतो. तरीही हस्तलिखित अर्ज, औषधाच्या वेष्टनावरील पुसट तारीख, अनोळखी गावातील वाट अशा ठिकाणी माणसाची सोबत हवीच असते.

अशी सोबत करू इच्छिणाऱ्याने प्रथम ‘मदत हवी आहे का?’ असे विचारावे आणि ‘नको’ हे उत्तरही आनंदाने स्वीकारावे. चालताना त्यांचा हात न धरता आपला कोपर पुढे करावा. तो धरून ते अर्धे पाऊल मागून चालतात. पायरी आली की चढ आहे की उतार, ते सांगावे. निरोप घेताना तसे बोलून दाखवावे, म्हणजे रिकाम्या जागेशी बोलण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही. कोणाचे पत्र वाचून दाखवले तर त्यातील मजकूर तेथेच विसरावा. समोर उघडा खड्डा असता परवानगीची वाट पाहावी, असा मात्र याचा अर्थ नव्हे. तेथे हाक देऊन थांबवणे हेच कर्तव्य ठरते.

द्रव्यदान एकदा करून पूर्ण होते. वेळेच्या दानाला पुन्हा पुन्हा यावे लागते. दर गुरुवारी वाचून दाखवण्याचा शब्द दिला, तर कोणीतरी दर गुरुवारी दाराकडे कान लावून बसलेले असते. तो शब्द पाळणे हेही व्रतच आहे. दर्शन घेऊन परतणाऱ्या भाविकाने असे एखादे व्रत अंगीकारावे आणि मिळालेल्या दृष्टीचे सार्थक करावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.