घरची मोटार आणि कसोटीचा हक्क

मनुष्याने स्वतःच्या हातांनी एखादी वस्तू घडविली म्हणजे तिच्यावर त्याचा हक्क कोठवर पोहोचतो, हा प्रश्न जुना आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉक या तत्त्ववेत्त्याने असे प्रतिपादन केले की, सृष्टीतील पदार्थांत मनुष्य आपले श्रम मिसळतो व त्या योगे तो पदार्थ त्याचा होतो. हे तत्त्व समजण्यास सोपे व पटण्यासही सोपे आहे. परंतु ज्या वस्तूचा उपयोगच मुळी सर्वांच्या रस्त्यावर व्हावयाचा, तिच्या बाबतीत ते कितपत टिकते, हे पाहण्यासारखे आहे. याकरिता आम्ही घरी बांधलेल्या मोटारीचे उदाहरण घेतो.

सुटे भाग आणून घरच्या घरी मोटार बांधण्याचा नाद इंग्लंडात चांगलाच मुरलेला आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची छोटी उघडी गाडी काढली व ती सुट्या भागांच्या संचाच्या रूपानेही विकली. पुऱ्या बांधलेल्या गाडीवर त्या काळी खरेदीकर बसे, संचावर तो बसत नसे. १९७३ साली करपद्धती बदलली व ही सवलत संपली. पण नाद काही संपला नाही. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अशी गाडी अवघ्या अडीचशे पौंडांतही बांधता येईल असे सांगणारे पुस्तक लिहिले, आणि जुन्या मोटारीचे एंजिन व घरी जोडलेला लोखंडी सांगाडा यांवर संसार थाटणाऱ्या हौशी लोकांस नवाच हुरूप चढला.

मात्र गाडी बांधून झाली म्हणजे ती रस्त्यावर आणता येते असे नाही. ब्रिटनमध्ये १९९८ पासून अशा एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी सुरू झाली, आणि २००९ साली तिची जागा अधिक कसोशीच्या परीक्षेने घेतली. सरकारी परीक्षक गाडीचे वजन करतो. ब्रेक, सुकाणू, दिवे, आरसे, वेग दाखविणारे घड्याळ तपासतो. सुरक्षापट्टे ज्या ठिकाणी सांगाड्याला जखडले आहेत ती ठिकाणे न्याहाळतो. धूर मोजतो व आवाजही मोजतो. आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल. गाडीच्या बाहेरच्या अंगास, जेथे कोणाचा स्पर्श होऊ शकेल तेथे, धारदार कड चालत नाही. ती निदान अडीच मिलिमीटर त्रिज्येची गोलाई असलेली हवी. या परीक्षेत उतरल्यावर प्रमाणपत्र मिळते, आणि मग पावत्या, छायाचित्रे इत्यादी पुरावा जोडून नोंदणीचा अर्ज करावयाचा. गाडीचे वय किंवा कूळ निश्चित ठरत नसेल, तर तिच्या क्रमांकाच्या आरंभी ‘क्यू’ हे अक्षर येते. ही पद्धत १९८३ पासूनची आहे.

आता बांधणाऱ्याच्या जागी आपण स्वतःस कल्पून पाहू. वर्षा-दोन वर्षांच्या सुट्या ज्याने गाडीखान्यात घालविल्या, प्रत्येक खिळा ज्याच्या ओळखीचा, त्याच्यासमोर एक अपरिचित मनुष्य हातात तक्ता घेऊन येतो आणि आरशाच्या दांडीची कड पुरेशी गोल नाही म्हणून गाडी नापास करतो. त्या क्षणी त्याला संताप आला तर नवल नाही. वस्तू माझी, श्रम माझे, पैसा माझा, बसणार मी; मग हा परका मनुष्य मध्ये कोण? व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्या कोणाही मनुष्यास या प्रश्नात प्रथमदर्शनी बरेच तथ्य दिसेल.

परंतु त्या अडीच मिलिमीटरांकडे जरा निरखून पाहावे. ती गोलाई गाडीत बसणाऱ्याकरिता नाही. ती रस्ता ओलांडणाऱ्या कोणा म्हातारीकरिता, चेंडूमागे धावणाऱ्या कोणा पोराकरिता आहे. बांधणाऱ्याने त्यांना कधी पाहिलेले नसते, आणि त्यांनीही त्याच्या कौशल्यावर विश्वास टाकण्याचे कधी कबूल केलेले नसते. १८५९ साली जॉन स्टुअर्ट मिल याने ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात स्वतःपुरते कर्म व दुसऱ्यास बाधणारे कर्म असा जो भेद केला, तो येथे इंचाइंचाने मोजता येतो. गाडीखान्याच्या दारापर्यंत मोटार ही लॉकची आहे. दाराबाहेर पडताच ती मिलची होते.

यावर कोणी म्हणेल की, आमच्या गावचा सुतार बैलगाडी करीत असे, तेव्हा कोणता परीक्षक येत होता? आमच्या मते, परीक्षक तेव्हाही होताच. सारे गाव परीक्षक होते. गाडी ज्याची, तो सुताराचा शेजारी. चाक मोडले तर दुसऱ्या दिवशी जाब विचारावयास तो दारात उभा. सुताराची अब्रू व त्याचे बलुते ही दोन्ही त्या चाकावर फिरत होती. आजचा रस्ता अनोळखी लोकांचा आहे. तेथे कोणी कोणाचा शेजारी नाही, म्हणून शेजाऱ्याचे काम कोणाला तरी नेमून द्यावे लागते. परीक्षक म्हणजे दुसरे काय? आपण ज्यांना ओळखत नाही त्या सर्वांचा तो वकील आहे.

शिवाय कर्ता कितीही प्रामाणिक असो, स्वतःच्या कृतीचा न्यायाधीश होण्यास तो अपात्रच असतो. ‘आपला तो बाब्या’ ही म्हण केवळ आईबापांनाच लागू पडते असे नाही. आमचा जन्म विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासण्यात गेला. पण आमच्याच लेखाची मुद्रिते तपासताना जी चूक आम्हांस तीनदा दिसत नाही, ती छापखान्यातला मुलगा एका नजरेत दाखवितो. यात आमच्या विद्वत्तेचा अपमान नाही. सोनाराने कसोटीचा दगड पुढे केला म्हणून सोन्याने रुसावे असे कोठे आहे?

येथे एक गंमतीची गोष्ट ध्यानात येते. कारखान्यातून निघणाऱ्या हजारो गाड्यांची मंजुरी मुख्यतः नमुन्याच्या परीक्षेवर अवलंबून असते. घरी बांधलेली गाडी मात्र स्वतः परीक्षेस बसते. ज्या गाडीकडे लोक संशयाने पाहतात, तिच्याच प्रत्येक कडेवरून सरकारचा हात फिरलेला असतो! ‘क्यू’ अक्षराचेही असेच. ते कुळाविषयीची शंका सांगते, शीलाविषयीची नव्हे; आणि कूळ ठाऊक नसलेल्यास केवळ गुणांवर पास करून घेणारी व्यवस्था आम्हांस तरी उदार वाटते.

परंतु या साऱ्या विवेचनातून सरकारवरही एक ऋण येते, आणि आमच्या लेखाचा खरा मुद्दा हाच. परीक्षेवाचून रस्ता नाही असे ज्याने म्हणावयाचे, त्याने परीक्षेचे दार उघडे ठेविले पाहिजे. ब्रिटनमध्ये अशी सोय आहे की, ज्या गाडीस अद्याप क्रमांक नाही, तीही विमा उतरविलेला असल्यास ठरलेल्या परीक्षेपुरती रस्त्याने नेता येते. सर्व रस्ते बंद, पण कसोटीकडे जाणारा एक रस्ता खुला!

आपल्याकडे काय आहे? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीवाचून वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही, हे योग्यच आहे. पण १९८९ च्या नियमांत नमुना तपासून घेण्याची जी योजना आहे, ती कारखानदारास उद्देशून आहे. त्या तपासणीची एक नामांकित संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, पुण्यातच आहे. तिच्या दारापर्यंत मोठा कारखाना सहज जातो, एकटा कारागीर जाऊ शकेल अशी वाट आखलेली दिसत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने, उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येणार नाही, असा निर्णय दिला. तयार गाडीची मोडतोड करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यांस तो लगाम आवश्यकच होता. पण ज्याच्या गाडीला मूळ उत्पादक दुसरा कोणी नाहीच, त्याने कोठे जावे?

२०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातील एका कारागिराची वार्ता पुष्कळांनी वाचली असेल. मोडीतल्या वस्तूंतून, सुमारे साठ हजार रुपयांत, त्याने एक छोटी चारचाकी केली होती. एका मोठ्या उद्योगपतींनी तिचे कौतुक केले, नियमांत न बसल्यामुळे ती आज ना उद्या अडविली जाईल असेही म्हटले, आणि तिच्या बदल्यात नवी गाडी देऊ केली. पुढील महिन्यात ती दिलीही. हे औदार्य खरे, आणि ते वर्तमान वाचून आम्हांसही आनंद झाला. तरीपण मनात एक सल उरला. त्या गृहस्थास गाडी मिळाली. त्याच्या गाडीला मात्र परीक्षा मिळाली नाही. ती कदाचित नापासही झाली असती. कोणते ब्रेक दुबळे, कोणती कड धारदार, हे त्याला कळले असते, आणि त्याने ते दुरुस्त करून दुसरी खेप घातली असती.

नापास होण्यात दुःख आहे, पण त्या दुःखात मान आहे. कारण कोणी तरी आपले काम हातात घेऊन पाहिले. न पाहताच परत पाठविलेल्या कामाला तोही मान नाही. आमच्या वर्गातील मागच्या बाकावरचा मुलगादेखील शून्य गुण सोसतो, पण आपली उत्तरपत्रिका तपासलीच गेली नाही हे सोसत नाही. ज्या देशात हातांना कौशल्य आहे व रस्त्यांवर माणसे आहेत, त्या देशाने दोघांचीही काळजी वाहावी. रस्त्यावरच्या माणसाकरिता कसोटी कडक असावी, आणि कारागिराकरिता ती त्याच्या आवाक्यात असावी, एवढेच आमचे मागणे आहे.