चांगला हेतु आणि चांगला हात

आपल्या मंडळ्यांमध्यें एक वाक्य वारंवार ऐकूं येतें. कोणाचें काम बिघडलें, हिशेब चुकला, रोग्यास भलतेंच औषध दिलें गेलें, कीं लगेच कोणी तरी म्हणतो, "जाऊं द्या, त्याचा हेतु वाईट नव्हता, देवाला मन कळतें." ह्या बोलण्यांत दया आहे, म्हणून तें कानांस गोड लागतें. परंतु तें सर्वस्वीं खरें आहे काय? हेतु शुद्ध असला म्हणजे हाताच्या चुकीचा दोष उरत नाहीं काय? हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों; आणि नुसता शब्दांचा खल न करितां एका साध्या धंद्याकडे पाहून तो सोडवूं इच्छितों. तो धंदा म्हणजे घोड्याचे नाल हातानें घडवून ते त्याच्या पायांस बसविणाऱ्या नालबंदाचा होय.

मोटारी व ट्रॅक्टर आल्यापासून हा धंदा पुष्कळ गांवांतून दिसेनासा झाला आहे. तरी तो नाहींसा झालेला नाहीं. माथेरानच्या वाटांवर घोडे आजही माणसें व ओझीं वाहतात. लग्नाच्या वरातींत व शर्यतींच्या मैदानांवर घोडे आहेतच. आणि जेथें घोडा कठीण रस्त्यावर राबतो तेथें बहुधा नालबंद लागतो. आपले शेतकरी बांधव बैलांस पत्र्या मारून घेतात, तेंही ह्याच जातीचें काम होय. भेद इतकाच कीं, बैलाचा खूर दुभंगलेला असल्यामुळें त्याच्या एका पायास दोन पत्र्या लागतात, आणि घोड्याच्या पायास एकच नाल पुरतो.

घोड्याचा खूर बाहेरून दगडासारखा दिसतो. त्याची बाहेरची भिंत आपल्या नखांच्याच द्रव्याची असते. तींत रक्त नाहीं व वेदनाही नाहीं. परंतु तिच्या आंत लगेच रक्तानें भरलेला, अत्यंत हळवा असा जिवंत भाग आहे. खूर उचलून तळाकडून पाहिलें असतां भिंत व तळवा ह्यांच्या सांध्यावर एक फिकट रेषा दिसते. तिच्या बाहेरच्या अंगास खिळा गेला तर नाल पक्का बसतो व घोड्यास कांहीं कळतही नाहीं. आंतल्या अंगास गेला तर तो जिवंत मांसांत शिरतो. ही भिंत पुढच्या बाजूस सुमारें एक सेंटिमीटर जाड असते, आणि टाचेकडे त्याहूनही पातळ. तेवढ्याशा जागेंत खिळा घालून तो सुमारें दोन सेंटिमीटर उंचीवर भिंतीच्या बाहेर काढावयाचा असतो. खिळ्याचें टोंक एका बाजूनें उतरतें केलेलें असतें, त्यामुळें तो बाहेर वळतो. परंतु उलटा धरला तर तोच आंत वळतो. म्हणून जाणता नालबंद डोळ्यांबरोबर कानांनींही काम करितो. कठीण भिंतींतून जाणाऱ्या खिळ्याचा आवाज ठणठणीत येतो, मऊ भागाकडे वळलेल्या खिळ्याचा बद्द येतो. तो बद्द आवाज ऐकतांच त्याचा हातोडा थांबतो.

नाल घडविण्याचें कामही ह्याच तोलाचें आहे. लोखंडाची पट्टी नारिंगी-पिवळी होईपर्यंत भट्टींत तापवावी लागते. ती निवली म्हणजे वळत नाहीं, आणि फाजील तापली म्हणजे जळून वायां जाते. ऐरणीच्या निमुळत्या टोंकावर तिला बांक द्यावयाचा, मग खिळ्यांचीं छिद्रें पाडावयाचीं; आणि हें सर्व त्या एका पायाच्या मापानें. पुढच्या पायाचा खूर गोलसर असतो, मागच्याचा कांहींसा निमुळता. आणि एकाच घोड्याचे डावा व उजवा हे दोन पायही पुष्कळदां सारखे नसतात. ह्यास्तव चांगला नालबंद आधीं घोड्यास चालवून पाहतो, पाय हातांत घेऊन पाहतो, आणि मग भट्टीकडे जातो. नाल गरम असतांच तो क्षणभर खुरास टेकवितो. धूर निघतो, घोड्यास मात्र चटका बसत नाहीं. जेथें करपल्याची खूण उमटते तेथें खूर उंच राहिला आहे असें त्यास समजतें, व तेवढाच भाग तो कानशीनें उतरवितो. खूर दर महिन्यास सुमारें पाऊण सेंटिमीटर वाढत असल्यामुळें सहा ते आठ आठवड्यांनीं हें सगळें काम पुन्हां आरंभापासून करावें लागतें.

१८३५ सालीं अमेरिकेंतील ट्रॉय ह्या गांवीं हेन्री बर्डन ह्यानें नाल करणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. पुढें कारखान्यांतून तयार नालांच्या राशी निघूं लागल्या, व आज पुष्कळ नालबंद तेच वापरितात. ते नाल वाईट असतात असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तयार नालही ऐरणीवर घेऊन पायाप्रमाणें वळवावा लागतो. ज्यास हें येत नाहीं, किंवा येत असून ज्यास घाई आहे, त्याच्याजवळ एक सोपी युक्ति असते. तो नाल तसाच ठोकतो, आणि नालाबाहेर आलेला खूर घासून घासून नालाएवढा करितो. वरून पाहणाऱ्यास काम सुबक दिसतें. भिंत मात्र पातळ व दुबळी होते. नाल पायासाठीं आहे हें तो विसरला. शब्बाथ कोणासाठीं आहे हें परूशी विसरले होते, आणि त्याबद्दल प्रभूनें त्यांस दोष दिला, हें वाचकांस आठवेलच.

आतां आमच्या प्रश्नाकडे वळूं. असा एक नालबंद मनांत आणा, कीं जो स्वभावानें फार मायाळू आहे. तो घोड्याच्या मानेवरून हात फिरवितो, त्यास गुळाचा खडा चारितो, आणि प्रार्थना करून कामास लागतो. परंतु खुराच्या त्या रेषेचें ज्ञान त्यानें कधीं मन लावून मिळविलें नाहीं. त्याचा खिळा आंत जातो. कधीं घोडा त्याच क्षणीं पाय झटकितो. पण पुष्कळदां खिळा मांसास नुसता दाबून बसतो, आणि एकदोन दिवसांनीं जनावर लंगडूं लागतें. आंत पू होतो; आणि घोड्यास तर अशा जखमेंतून धनुर्वात होण्याचें भय विशेष असतें. तोंपर्यंत नालबंद मजुरी घेऊन पुढच्या गांवीं गेलेला असतो. घोडा मुका, अमक्या खिळ्यानें मला दुखविलें असें तो सांगूं शकत नाहीं. मालक म्हणतो, वाटेंत खडा रुतला असेल. चूक एकानें केली, किंमत दुसऱ्यानें दिली, आणि वेदना तिसऱ्यानें सोसली. त्या नालबंदाची दया घोड्याच्या मानेपर्यंत पोहोंचली. पायापर्यंत ती पोहोंचलीच नाहीं. आणि घोडा चालतो तो त्याच्या पायांवर.

ही गोष्ट केवळ आम्हांसच सुचली असें नाहीं. लंडन शहरीं १३५६ सालीं नगराध्यक्षानें तेथील नालबंदांस बोलावून धंद्यास नियम घालून दिले. कारण, ज्यांस हें काम कळत नव्हतें असे लोक त्यांत हात घालीत, आणि त्यामुळें मोठें नुकसान होई. त्यांतून जो नालबंदांचा संघ उभा राहिला त्यास १६७४ सालीं राजा दुसरा चार्ल्स ह्याची सनद मिळाली. पुढें १९७५ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें नालबंदांच्या नोंदणीचा कायदा केला. त्याअन्वयें नोंदलेला नालबंद, त्याच्या हाताखालील उमेदवार व पशुवैद्य ह्यांखेरीज कोणास, तांतडीचा प्रसंग सोडून, घोड्यास नाल मारतां येत नाहीं. अकुशल माणसांच्या हातून घोड्यांस होणारें दुःख व क्रूरता टाळणें हा त्या कायद्याचा एक उद्देश आहे. वाचकहो, येथें क्षणभर थांबून विचार करा. क्रूरता म्हटली म्हणजे आपणांस चाबूक व शिवी आठवते. परंतु न शिकलेल्या हातानें, रागाचा लवलेशही नसतां, मारिलेला खिळा हीसुद्धां क्रूरताच होय, असें त्या लोकांनीं ठरविलें. आमच्या मतें हें त्यांनीं योग्यच ठरविलें.

कोणी म्हणेल, "हा न्याय फार कठोर झाला. गरीब, अडाणी विश्वासणाऱ्यानें मग काय करावें? विधवेनें टाकलेलें अल्प दान प्रभूनें श्रीमंतांच्या दानाहून मोठें मानलें नाहीं काय?" हा आक्षेप हलका नाहीं, आणि तो आम्ही हलका लेखीत नाहीं. ज्यास येत नाहीं तो केवळ न येण्यामुळें दोषी ठरत नाहीं. पहिल्या दिवशीं कोणत्याच उमेदवारास खिळा मारतां येत नसतो. तो भाता ओढतो, घोड्याचा पाय धरितो, गुरूचे हात पाहतो, आणि ह्यांत कांहीं कमीपणा नाहीं. परंतु विधवेची गोष्ट नीट पाहावी. तिनें थोडें दिलें, पण जें दिलें तें खरें नाणें होतें. जो न शिकतां शिकल्याचा आव आणितो, जवळच जाणता असतां त्यास हांक मारीत नाहीं, आणि मुक्या जिवाच्या पायावर आपला अभिमान चालवितो, तो खोटें नाणें टाकितो. मग त्याच्या मनांत गोडवा कितीही असो. हेतूची परीक्षा येथेंच होते. ज्याचें प्रेम खरें आहे त्यास शिकण्याचा कंटाळा येत नाहीं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नुसत्या कौशल्यानें मनुष्य चांगला होत नाहीं. उत्तम हाताच्या नालबंदाच्या हातूनही एखादे वेळीं खिळा आंत जातो, कारण घोडा अकस्मात् हालतो, किंवा भिंतच कुजकी असते. त्या वेळीं दोन मार्ग असतात. रक्ताचा थेंब पुसून, खिळ्याचें टोंक वळवून, सर्व ठीक आहे असें म्हणणें हा एक. खिळा तत्काळ काढून, जखम धुवून, मालकास स्पष्ट सांगणें व पशुवैद्यास बोलाविण्याची सल्ला देणें हा दुसरा. पहिला मार्ग धरणाऱ्याचा हात कितीही तयार असला तरी तो चोर आहे. हात हेतूवांचून कपटी होतो, आणि हेतु हातावांचून लंगडा राहतो. देवानें दोन्ही मागितलीं आहेत.

पवित्र शास्त्रांतही हेंच दिसतें. निर्गमाच्या पुस्तकांत निवासमंडप उभारण्याकरितां देवानें बसालेलास नेमिलें, आणि त्यास आपल्या आत्म्यानें भरलें. तें सोनें, रुपें, पितळ, पाषाण व लांकूड ह्यांचें कसबी काम करतां यावें म्हणून. हाताचें कौशल्य तेथें आत्म्याचें दान म्हणून सांगितलें आहे. आपला प्रभु स्वतः सुतार होता. तो नांगर व जूं करीत असे, असें दुसऱ्या शतकांतील जस्टिन मार्टर ह्यानें लिहिलें आहे. ज्या शेतकऱ्यानें बैलाची सोललेली मान पाहिली आहे त्यास वाईट जूं म्हणजे काय हें सांगावयास नको. नासरेथच्या त्या दुकानांतून बैलाची मान सोलणारें जूं बाहेर पडत असेल, अशी कल्पनाही आपल्या मनास शिवत नाहीं. मग आपल्या हातून निघणाऱ्या कामाविषयीं आपण इतके ढिले कां राहावें?

ज्यांच्यावर आपलें काम पडतें त्यांपैकीं पुष्कळांस बोलतां येत नाहीं. तान्हें मूल सुइणीची चूक सांगत नाहीं. शाळेंतील पोर शिक्षकाचें अज्ञान ओळखीत नाहीं. ज्या म्हातारीनें मंडळीच्या पेटींत आपला रुपया टाकला ती खजिनदाराचें वहीखातें वाचूं शकत नाहीं. जेथें सोसणारा मुका आहे तेथें करणाऱ्यावर शिकण्याचें ऋण दुप्पट आहे. म्हणून पुढील खेपेस बैलांस पत्र्या मारून घेतांना स्वस्त कोण एवढेंच न विचारतां, ज्याच्या हातून जनावर लंगडलें नाहीं असा कोण, हें विचारा, आणि त्यास त्याची मजुरी पुरती द्या. मुलास धंद्यास घालाल तेव्हां त्यास लवकर कमाई करावयास न लावतां पुरतें शिकूं द्या. आणि प्रार्थनेस गुडघे टेकतांना, आमचीं मनें शुद्ध कर, ह्या विनंतीबरोबर, आमचे हात शिकीव, अशीही विनंती करूं या.