दोन आकड्यांचं मीटर

पूर्व लंडनच्या न्यूहॅम भागात एका उंच इमारतीच्या नवव्या मजल्यावर सांगलीकडचं एक जोडपं भाड्यानं राहत होतं. इमारतीत गॅस नव्हता. याच भागात १६ मे १९६८ रोजी ‘रोनन पॉइंट’ या २२ मजली इमारतीत एका बाईनं पहाटे चहासाठी शेगडी पेटवली, गळालेल्या गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसं गेली. त्यानंतर तशा कित्येक इमारतींमधून गॅस काढून टाकण्यात आला आणि घर ऊबदार ठेवायचं काम विजेवर येऊन पडलं.

वीज तिथं महाग. २०२५च्या सुरुवातीला नियामकानं ठरवलेल्या कमाल दरानं गॅसचं युनिट सहा पेन्सच्या थोडं वर होतं आणि विजेचं पंचविसाच्या जवळ, म्हणजे जवळपास चौपट. त्यात विजेच्या साध्या हीटरला चलाखी करता येत नाही. तो दोनशे पौंडांचा असो की वीस पौंडांचा, एका युनिटातून तो एका युनिटाचीच ऊब देतो. त्याहून जास्त देतो तो हीट पंप, पण भाडेकरूच्या हातात तो कुठून असणार?

नोव्हेंबरचं बिल आलं ३१४ पौंडांचं. नवऱ्यानं त्याच संध्याकाळी भिंतीवरचे दोन्ही स्टोरेज हीटर बंद केले आणि बाजारातून एक लहानसा पंख्याचा हीटर आणला. तो फक्त बैठकीच्या खोलीत, संध्याकाळपासून झोपेपर्यंत. डिसेंबरचं बिल १९३ आलं. त्यानं ते फोनवर बायकोला दाखवलं, गावाहून आलेल्या आईवडिलांना दाखवलं. “बघा, जवळजवळ सव्वाशे पौंड वाचवले.”

आईवडील सुनेच्या बाळंतपणासाठी आले होते. बाळ दोन आठवड्यांचं होतं. आजी दोन स्वेटर आणि वर शाल घेऊन बसायची आणि विचारलं की म्हणायची, “मला कुठं थंडी वाजतेय?” बाळाला अंघोळ घालताना मात्र ती स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची आणि आधी मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवायची. आतल्या खोलीत कपडे वाळत नव्हते, खिडकीच्या काचेवरून सकाळी पाणी ओघळायचं आणि कोपऱ्यात काळपट बुरशी धरली होती. घरी येणाऱ्या हेल्थ व्हिजिटर बाईंनी पाळण्याजवळ थर्मामीटर ठेवला. तेरा. बाळाच्या खोलीत सोळा ते वीस अंश हवेत, असं त्या म्हणाल्या, पण आवाज चढवला नाही. घराघरांत हेच पाहायची त्यांना सवय झाली असावी, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

आजोबांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली होती. आधी मीटर रीडिंग, मग बिलिंग. मुलाला ते एवढंच म्हणाले, “बिल कमी आलं खरं. पण ते कुणाच्या अंगावर वाचवलंस?”

मुलगा दुखावला. “बाबा, इथलं गणित वेगळं आहे.”

“मग ते गणित तरी मांडू या.”

पॅसेजमधल्या कपाटात मीटर होतं. आजोबांनी बटण दाबलं तर एक आकडा आला, पुन्हा दाबलं तर दुसरा. ते रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर दोन्ही आकडे वहीत उतरवू लागले. एक आकडा फक्त रात्री सरकायचा, दुसरा दिवसा. मग त्यांनी बिल मागितलं, चष्मा पुसून वाचलं आणि सुनेला बोलावलं. “हे बघ. मीटर दोन दरांचं आहे. बिलात मात्र दोन्ही आकड्यांची बेरीज करून एकच दर लावलाय.”

ब्रिटनमध्ये १९७८पासून ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाचा दर आहे. रात्री विजेची मागणी उतरते, तेव्हा सात तास वीज स्वस्त मिळते आणि दिवसाची थोडी महाग पडते. स्टोरेज हीटर त्याच सात तासांसाठी बनवलेले असतात. आत जड विटा रचलेल्या असतात, त्या रात्री तापतात आणि दुसऱ्या दिवशी ऊब सोडतात. कधीतरी आधीच्या भाडेकरूच्या वेळी दर बदलला गेला होता, हीटर मात्र तेच राहिले. म्हणजे हे घर रात्रभर विटा तापवत होतं आणि त्यासाठी दिवसाइतकाच भाव मोजत होतं.

हीटरच्या माथ्यावर दोन बटणं होती. रात्री किती ऊब साठवायची ते एकानं ठरतं, ती केव्हा आणि किती सोडायची ते दुसऱ्यानं. मुलानं पहिल्या दिवशी दोन्ही पूर्ण फिरवून ठेवली होती आणि मग त्यांना कधी हात लावला नव्हता. सगळे बाहेर असताना घर तापायचं आणि माणसं परतेपर्यंत विटा गार व्हायच्या. आजीनं हे ऐकलं आणि म्हणाली, “विस्तव राखेखाली झाकून ठेवायचा असतो. तू भर दुपारी राख उकरून ठेवलीस.”

सुनेनं कंपनीला फोन केला. पाऊण तास ताटकळून दोन्ही रीडिंग दिली. नवा दर लागायला दोन आठवडे लागणार होते, मागचे पैसे परत मिळणार नव्हते. मुलगा म्हणाला, “मग हीटर तेव्हाच सुरू करू.”

“आज रात्रीपासून,” आजोबा म्हणाले. “पोर दोन आठवडे गारठ्यात कशाला? त्या दिवसांचे जास्तीचे पैसे मी देतो.”

पैसे त्यांना द्यावे लागले नाहीत. मुलानं उठून दोन्ही हीटरची कळ दाबली. बाळ आणि बाळंतीण दिवसभर घरात, म्हणून आतल्या खोलीतलं सोडायचं बटण त्यानं थोडं उघडं ठेवलं, बैठकीतलं मात्र संध्याकाळी पाचपर्यंत बंद. दाराखालच्या फटीला जुन्या साडीची गुंडाळी बसली. कपडे धुवायचं मशीन पहाटे सहाला लागू लागलं, कारण स्वस्त वीज साडेसातपर्यंतच. दिवसाचं युनिट आता आधीपेक्षा महाग होतं, तेव्हा पंख्याचा हीटर कपाटात गेला.

फेब्रुवारीत पाळण्याजवळ अठरा अंश होते. आजी एकाच स्वेटरवर आली होती. बुरशी पुसून काढली, ती पुन्हा धरली नाही. त्या महिन्याचं बिल आलं २०६ पौंडांचं.

मुलानं वहीत डिसेंबरचा आकडा शोधला. “तेरा पौंड जास्तच आले.”

“येऊ देत,” सून म्हणाली. “तेव्हा एक खोली तापत होती.”

त्यानं पैसे भरले. मग आजोबांची वही उचलून तो खालच्या मजल्यावर गेला. तिथल्या एकट्या म्हाताऱ्या बाई बिलाच्या धास्तीनं हिवाळाभर कोट घालून घरात बसत होत्या, आणि त्यांच्याही मीटरवर दोन आकडे होते.