पुढचें दुकान, मागचें दार

भाईंदरहून मुर्धें, राई, मोर्वा हीं गांवें मागें टाकून डोंगरीकडे गेलें म्हणजे रस्त्याच्या कडेस पुढें दुकान आणि मागें किंवा माडीवर बिऱ्हाड अशीं घरें लागतात. व्यवहार व संसार एकाच छपराखालीं नांदविणारी ही रचना आम्हांस मूळचीच वाईट वाटत नाहीं. गिऱ्हाइकाच्या हांकेला घरांतून ओ मिळते, रात्रीं रस्त्यावर कोणाची तरी नजर राहते. प्रश्न निराळा आहे. अशा घरांत ‘सुरक्षितता’ या एकाच शब्दाखालीं दोन गोष्टी मागितल्या जातात: माल आंत राहावा, आणि प्रसंगीं माणसांस बाहेर पडतां यावें. एका दाराकडून हीं दोन्हीं कामें होत नाहींत.

ता. ३० ऑगस्ट २०२३ रोजीं चिंचवडच्या पूर्णानगरांत दुकानास आग लागून आंत निजलेलें चौघांचें कुटुंब दगावलें. ता. ३ एप्रिल २०२४ रोजीं छत्रपति संभाजीनगरच्या छावणींत, खालीं शिंप्याचें दुकान असलेल्या घरांत, वर राहणारे सात जण गेले, ता. ६ ऑक्टोबर २०२४ रोजीं चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनींत पुनः सात. तिन्ही वेळां पहांट होती. धूर वर चढतो. जिना दुकानांतूनच असला तर तोच धुराडें होतो.

दुकानदाराचें म्हणणें आम्ही हंसण्यावारीं नेत नाहीं. कर्ज काढून भरलेला माल हेंच त्याचें सर्वस्व. चोराची भीति रोजची, आगीची कधींकाळची. म्हणून तो शटर ओढून कुलूप घालतो, खिडक्यांस गज बसवितो. परंतु हें गणित एकटा कर्ता पुरुष मांडतो. पोटमाळ्यावर निजलेल्या पोरास वा नोकरास कोणी विचारीत नाहीं. स्वतःचा जीव पणास लावण्याचा हक्क मान्य केला, तरी निजलेल्या दुसऱ्याचा जीव लावण्याचा हक्क पितृत्वानेंहि मिळत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कोंकणपट्टींतील जुन्या घरास परसदार असे. जागेचे भाव चढले, तसें कित्येक ठिकाणीं तें बुजवून आणखी एक खोली निघाली, आणि तिचें भाडेंहि. येथें मालकाचा दोष भाडेकरूहून मोठा, कारण त्याचें स्वतःचें अंथरूण तेथें नसतें. (आंतून उघडणारे गज करण्यास काय पडतें, हें कोणाहि लोहारास विचारावें.) दुसरें दार निघतच नसेल, तर तेथें कोणी निजूं नये. मग निजावें कोठें, असें दुकानदार विचारील, आणि तें विचारणें रास्त आहे; पण त्याचें उत्तर प्रथम भाडें घेणाऱ्यानें द्यावयाचें आहे.