हवा काढताना



पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की मनोरी, गोराई, मढ, वेसावे इथल्या वाड्यांत दुरुस्तीचे दिवस सुरू होतात. यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी अनेक वर्षे १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवसांची राहिली आहे. या दिवसांत जाळी विणली जातात, तळाला रंग लागतो, मोटारी उघडल्या जातात. प्रभूने याकोब आणि योहान यांना हाक मारली तेव्हा तेही बापाच्या होडीत बसून जाळी नीट करत होते, असे संत मार्क सांगतो. आपण ते वाचून लगेच पुढे जातो. आज जरा तिथेच थांबू या.

होडीच्या मागे बसवलेल्या लहान मोटारी अजून हातानेच उचलतात. मोठ्या मोटारीला मात्र तेलाची यंत्रणा असते. बटण दाबले की छोटा पंप तेल ढकलतो, दांडा सरकतो आणि मोटार वर येते. ओहोटीला खाडीच्या गाळात शिरताना ती वर घेता आली नाही तर पंखा तळाला घासतो आणि माणूस भरतीची वाट पाहत अडकून पडतो.

तेल दाबून आकसत नाही, म्हणून ते एवढे वजन पेलते. हवा मात्र आकसते. तेल कमी झाले किंवा सील गळू लागले की आत हवा शिरते. मग पंप नुसता घुमतो, मोटार झटके खात वर येते, नाहीतर अर्ध्यावर थांबते. आवाज भरपूर, जोर नाही. (आपल्या काही बैठकाही अशाच चालतात, हे सांगायला नकोच!)

हवा काढायची रीत साधी आहे, पण तिला घाई चालत नाही. मोटार पूर्ण वर घ्यावी आणि तिला आधाराची कडी लावावी. तेलाच्या भरवशावर तिच्याखाली हात घालू नये. मोटार खाली असताना टाकीचे झाकण उघडू नये, तेल दाबाने अंगावर उडू शकते. वर असताना हळू उघडून तोंडापर्यंत तेल भरावे, झाकण लावावे आणि मोटार चार-पाच वेळा खाली-वर करावी. हवा फुगे होऊन टाकीत येते. पुन्हा वर घेऊन पाहिले तर तेल उतरलेले असते. पुन्हा भरायचे, पुन्हा खाली-वर. पातळी उतरायची थांबेपर्यंत हेच.

जुने तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे; ते सगळे काढून टाकावे. तेल मोटार बनवणाऱ्याने सांगितलेलेच हवे. घरात आहे म्हणून गाडीचे ब्रेक ऑइल ओतले तर सील खराब होतात. आणि गळती न शोधता दर आठवड्याला तेल ओतत राहणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

बटणाने मोटार वर येतच नसेल तर बाजूचा स्क्रू ढिला करून ती हाताने उचलावी लागते. मोठी मोटार एकट्याला उचलत नाही. इथे आम्हाला आपल्या धर्मग्रामातली काही घरे आठवतात: होडी एक, भाऊ दोन, आणि बोलणे बंद.

मार्कने जाळी नीट करण्यासाठी जे ग्रीक क्रियापद वापरले, तेच संत पौलाने गलतीकरांना लिहिताना चुकलेल्या भावाला सावरण्यासाठी वापरले आहे. ते काम सौम्यतेने करा आणि स्वतःकडेही पाहा, असे तो बजावतो. म्हणजे भाऊ रागाने भरलेला असताना जुना हिशेब उघडू नये. आधी त्याला आधार द्यावा, मग झाकण हळू उघडावे. आणि वाटणीचा प्रश्न खरोखर बाकी असेल तर तो वडीलधाऱ्यांना बसवून सोडवावा, नुसत्या गोड शब्दांनी झाकू नये.

प्रायश्चित्त संस्काराला आपण पुन:पुन्हा का जातो, असे तरुण विचारतात. एकदा भरलेली पातळी हवा निघाल्यावर उतरते, म्हणून.

होड्या पाण्यात उतरायला आता थोडेच दिवस आहेत. अबोला धरलेल्या भावांनी निदान मोटार उचलायला तरी एकमेकांना हाक मारावी. पहिल्या दिवशी बोलणे झटके खाईल, दोन वाक्यांत थांबेलही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.